उच्च रक्तदाब आणि वाहिनीविस्फारक औषधे : रक्तवाहिन्यांवरील परिणामांचे विवेचन

प्रस्तावना

उच्च रक्तदाब हा आजच्या काळात सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांपैकी एक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा तो आटोक्यात ठेवण्यासाठी त्या व्यक्ती औषध घेत होत्या. या विकाराचे वैशिष्ट्य असे की बहुसंख्य रुग्णांना त्याचा कोणताही त्रास जाणवत नाही. मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा दृष्टिपटल यांची हानी मात्र शांतपणे चालू असते. त्रास जाणवत नाही म्हणून औषध नकोसे वाटते, आणि औषधामुळे एखादा नवा त्रास सुरू झाला तर ते बंदच केले जाते.

उच्च रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक मोठा गट रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब कमी करतो. या औषधांना ‘वाहिनीविस्फारक’ असे म्हणतात. वाहिनी रुंद झाली की दाब उतरतो, हे विधान बरोबर असले तरी अपुरे आहे. कोणती वाहिनी रुंद झाली, किती वेगाने झाली आणि त्यावर शरीराने कोणते प्रत्युत्तर दिले, या तीन गोष्टींवर औषधाचा लाभ आणि उपद्रव दोन्ही अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या तीन अंगांनी वाहिनीविस्फारक औषधांच्या कार्याचा विचार केला आहे.

१. रक्तदाब आणि रोहिणिका

रक्ताला दाब असतो हे प्रत्यक्ष मोजून दाखविण्याचे श्रेय इंग्लंडमधील धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांना दिले जाते. त्यांनी घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली आणि रक्त त्या नळीत आठ फुटांहून अधिक उंच चढते असे पाहिले. १७३३ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोची यांनी दंडावर गुंडाळण्याच्या पट्ट्याचे साधन तयार केले आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी श्रवणयंत्राने नाडीचे आवाज ऐकून दाब मोजण्याची पद्धत सांगितली.

रक्तदाब दोन घटकांनी ठरतो. हृदय दर मिनिटाला जितके रक्त बाहेर टाकते तो पहिला घटक. निरोगी प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या स्थितीत हे प्रमाण सुमारे पाच लिटर असते. या रक्ताला वाहताना रक्तवाहिन्यांकडून जो विरोध होतो तो दुसरा घटक. दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेल्या बहुतेक रुग्णांत पहिला घटक जवळजवळ प्राकृत असतो, वाढलेला असतो तो दुसरा.

हा विरोध सर्व वाहिन्यांत सारखा नसतो. महारोहिणी व तिच्या मोठ्या शाखा रुंद असल्याने त्यांतून वाहताना रक्ताचा दाब फारसा कमी होत नाही. मोठ्या रोहिण्या, म्हणजेच धमन्या, विभागत जाऊन शेवटी ज्या अतिसूक्ष्म शाखा तयार होतात त्यांना रोहिणिका म्हणतात. रोहिणिकांच्या सुरुवातीस सरासरी दाब सुमारे ८० ते ८५ मि.मी. पारा इतका असतो, तर त्यांच्या टोकाशी, केशवाहिन्या सुरू होतात तेथे, तो ३० ते ३५ मि.मी.पर्यंत खाली येतो. म्हणजे रक्तप्रवाहावरील मुख्य नियंत्रण येथेच असते. शेताच्या पाटाला बारी घालून पाणी हव्या त्या वाफ्याकडे वळवावे, तसे रोहिणिका आकुंचन वा प्रसरण पावून प्रत्येक अवयवाला मिळणारे रक्त ठरवितात.

रोहिणिकेच्या व्यासात झालेला अल्प बदलही इतका प्रभावी का ठरतो, याचे उत्तर फ्रान्समधील वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ प्वाझय यांच्या संशोधनात मिळते. १८४० च्या सुमारास त्यांनी बारीक काचनळ्यांतून द्रव वाहू देऊन जे प्रयोग केले, त्यांतून प्रवाहास होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो हा नियम निघाला. जिवंत रक्तवाहिनी ही ताठ काचनळी नसल्याने हा नियम तिला तंतोतंत लागू पडत नाही, तथापि त्याची दिशा अचूक आहे. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली तर विरोध सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो. त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर तो सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होतो, आणि २० टक्क्यांनी वाढली तर निम्म्यावर येतो. वाहिनीविस्फारक औषधांची अल्प मात्रा रक्तदाबात मोठा फरक घडवू शकते, ती या गणितामुळे.

२. रक्तवाहिनीच्या भिंतीची रचना व कार्य

रोहिणीच्या भिंतीत तीन थर असतात. रक्ताच्या संपर्कात असणारा पेशींचा एकेरी पडदा म्हणजे अंतःस्तर, मधला थर मुख्यतः अनैच्छिक स्नायूंचा आणि बाहेरचा थर संयोजी ऊतकाचा. यांपैकी मधल्या थरातील स्नायुपेशी वाहिनीभोवती कड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. त्या आवळल्या की वाहिनी अरुंद होते, सैलावल्या की रुंद होते.

हे आवळणे कॅल्शियमवर अवलंबून असते. स्नायुपेशीच्या आवरणातील विशिष्ट मार्गांनी कॅल्शियमचे आयन आत शिरतात, कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जातात आणि त्यातून एक विकर कार्यान्वित होऊन आकुंचन घडते. पेशीतील कॅल्शियम कमी झाले की स्नायू सैल पडतो. वाहिनी रुंदावणारी बहुतेक औषधे कोणत्या ना कोणत्या मार्गाने याच साखळीतील एखादी कडी अडवितात.

आकुंचनाचा आदेश प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येतो. अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन स्रवते व ते स्नायुपेशींवरील अल्फा ग्राहींना बांधले जाते. दुसरीकडे, मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन-२ हे प्रभावी आकुंचक द्रव्य तयार होते. तेच द्रव्य अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा स्रावही वाढविते आणि त्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते.

अंतःस्तराचे महत्त्व त्या मानाने उशिरा कळले. १९८० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सहकाऱ्यासह सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. असेटिलकोलीन हे द्रव्य टाकले असता अंतःस्तर शाबूत असलेला तुकडा सैलावत असे, तर अंतःस्तर घासून काढलेला तुकडा सैलावत नसे. यावरून अंतःस्तराच्या पेशी स्नायूला सैलावणारे एखादे द्रव्य सोडत असाव्यात हे सिद्ध झाले. ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झाले. या संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उच्च रक्तदाबात ही संपूर्ण व्यवस्था बिघडते. अंतःस्तराकडून मिळणारा नायट्रिक ऑक्साइडचा लाभ घटतो आणि वाढलेल्या दाबाला तोंड देता देता रोहिणिकांची रचनाच पालटते. भिंतीची जाडी पोकळीच्या तुलनेत वाढते व पोकळी अरुंद होते. स्वीडनमधील ब्योर्न फोल्कोव्ह यांनी १९५० च्या दशकापासून या बदलाकडे लक्ष वेधले. जाड भिंतीची वाहिनी पूर्ण सैलावली तरी निरोगी वाहिनीइतकी रुंद होत नाही आणि तिला आकुंचनाचा तेवढाच आदेश मिळाला तरी तिच्यातील विरोध अधिक वाढतो. म्हणजे वाढलेल्या दाबामुळे वाहिनी बदलते आणि बदललेली वाहिनी दाब वाढलेलाच ठेवते. हे चक्र भेदणे हा उपचाराचा खरा हेतू आहे.

३. वाहिनीविस्फारक औषधांचे प्रमुख गट

(अ) स्नायूवर थेट कार्य करणारी औषधे : या गटात हायड्रालाझिन व मिनॉक्सिडिल यांचा समावेश होतो. हायड्रालाझिन १९५० च्या दशकाच्या प्रारंभी वापरात आले. मिनॉक्सिडिलला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. ते स्नायुपेशीतील पोटॅशियमचे मार्ग उघडते, त्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरणे कमी होते. ही दोन्ही औषधे मुख्यतः रोहिणिका रुंदावतात, नीलांवर त्यांचा प्रभाव अल्प असतो. मिनॉक्सिडिलने अंगावर केस वाढतात असे रुग्णांत दिसून आले व त्यातूनच टक्कलावर लावण्याचे त्याचे द्रावण पुढे आले.

(आ) नायट्रिक ऑक्साइड पुरविणारी औषधे : नायट्रोग्लिसरीनचा हृदयशूलावरील उपयोग विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये लंडन येथे नोंदविला होता. मात्र त्याचे कार्य कसे होते हे त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये मुराद यांनी उलगडले. नायट्रोग्लिसरीन प्रामुख्याने नीला रुंदावते, तर सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून देण्याचे औषध रोहिणिका व नीला या दोहोंवर काही सेकंदांतच कार्य करते. नायट्रोप्रुसाइडच्या विघटनातून सायनाइड निर्माण होत असल्याने ते अतिदक्षता विभागातच आणि मर्यादित काळ वापरतात.

(इ) कॅल्शियम मार्गरोधक : जर्मनीतील अल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन यांनी १९६० च्या दशकात कॅल्शियमला अटकाव करणाऱ्या द्रव्यांची संकल्पना मांडली. निफेडिपिन, अम्लोडिपिन, सिल्निडिपिन ही या गटातील औषधे मुख्यतः रोहिणिकांच्या स्नायूंवर कार्य करतात. याच व्यापक गटातील व्हेरापामिल व डिल्टियाझेम ही हृदयाचा वेगही कमी करतात.

(ई) अँजिओटेन्सिनला अडविणारी औषधे : ब्राझीलमधील जराराका या विषारी सर्पाच्या विषात ब्रॅडिकायनिन या वाहिनीविस्फारक द्रव्याचा प्रभाव वाढविणारे घटक असतात, असे सर्जिओ फरेरा यांनी १९६५ मध्ये दाखविले. हेच घटक अँजिओटेन्सिन-२ तयार करणाऱ्या विकरालाही अडवितात असे पुढे आढळले. या धाग्यावरून कुशमन व ओंडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल तयार केले व १९८१ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याच कुळातील. लोसार्टन, टेल्मिसार्टन आदी औषधे अँजिओटेन्सिन-२ तयार होऊ देतात, पण त्याला ग्राहीशी बांधले जाऊ देत नाहीत.

(उ) अनुकंपी आदेश रोखणारी औषधे : प्राझोसिन, डॉक्साझोसिन ही अल्फा ग्राही अडविणारी औषधे या गटात येतात. या संदर्भात सर्पगंधेचा उल्लेख आवश्यक ठरतो. या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी नोंदविला होता. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे करण्यात आले. रेसरपिन वाहिनीच्या स्नायूवर थेट कार्य करीत नाही. ते मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा साठा रिता करते आणि आकुंचनाचा आदेशच क्षीण झाल्याने वाहिनी रुंद होते. मुंबईत झालेले हे कार्य उच्च रक्तदाबावरील औषधोपचाराच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानले जाते.

४. शरीराचे प्रत्युत्तर

रक्तदाब एकाएकी घसरला तर मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. म्हणून शरीराने दाब टिकवून धरणारी यंत्रणा निर्माण केली आहे. मानेतील रोहिण्यांत व महारोहिणीच्या कमानीत दाबग्राही मज्जातंतू असतात. औषधाने दाब कमी होताच ते मेंदूला सूचना देतात आणि अनुकंपी मज्जासंस्था उत्तेजित होते. हृदयाचे ठोके व आकुंचनाचा जोर वाढतो, छातीत धडधड होते. मूत्रपिंडातून रेनिन स्रवते, अँजिओटेन्सिन वाढते आणि मीठ व पाणी साठू लागते. औषधाच्या हेतूचे शरीराला आकलन नसते. उतरलेला दाब हे संकट समजून ते त्याची भरपाई करू पाहते.

हायड्रालाझिन व मिनॉक्सिडिल यांच्या बाबतीत हे प्रत्युत्तर विशेष तीव्र असते. केवळ ही औषधे दिली तर काही आठवड्यांत वजन वाढते, सूज येते आणि दाब पुन्हा चढू लागतो. ज्याच्या हृद्‌रोहिण्या आधीच अरुंद झाल्या आहेत अशा रुग्णात वाढलेल्या ठोक्यांमुळे हृदयशूल उद्भवू शकतो. म्हणून या औषधांसोबत हृदयाचा वेग रोखणारे बीटा रोधक आणि साठलेले मीठ व पाणी बाहेर टाकणारे मूत्रल औषध देण्याची पद्धत रूढ झाली. एका विकारासाठी तीन गोळ्या कशाला, असा प्रश्न रुग्णाला पडणे स्वाभाविक आहे. पहिली गोळी वाहिनी रुंदावते आणि उरलेल्या दोन तिच्या विरोधात शरीराने केलेली तजवीज निष्प्रभ करतात, असे त्याचे उत्तर आहे.

अँजिओटेन्सिनला अडविणारी औषधे या प्रत्युत्तरातील एक प्रमुख कडीच तोडतात. त्यामुळे त्यांच्या वापराने सहसा ठोके वाढत नाहीत व पाणी साठत नाही. आज दोन वेगळ्या गटांतील औषधे अल्प मात्रेत एकत्र देण्याकडे जो कल आहे, त्यामागे हेच तत्त्व आहे.

५. पायांवरील सूज : एक उद्बोधक उदाहरण

कोणती वाहिनी रुंद झाली या प्रश्नाचे महत्त्व अम्लोडिपिनच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या घोट्यांभोवती सूज येते. तिचे प्रमाण मात्रेनुसार वाढते. औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार नियंत्रित चाचण्यांत ५ मिलिग्रॅमच्या मात्रेवर सुमारे ३ टक्के व १० मिलिग्रॅमच्या मात्रेवर सुमारे ११ टक्के रुग्णांत सूज आढळली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती अधिक आढळते.

पाय सुजले की मूत्रपिंड बिघडले किंवा हृदय कमकुवत झाले अशी शंका येते. ती तपासून पाहणे योग्यच आहे. परंतु अम्लोडिपिनच्या सुजेचे कारण बहुधा वेगळे असते. केशवाहिनीच्या अलीकडे रोहिणिका असते व पलीकडे सूक्ष्म नीला. अम्लोडिपिन अलीकडची वाट रुंद करते, पलीकडची मात्र पूर्वीइतकीच राहते. आत येणारा प्रवाह वाढतो, बाहेर जाण्याचा मार्ग तितका वाढत नाही. परिणामी केशवाहिनीतील दाब वाढून द्रव भोवतालच्या ऊतकांत झिरपतो आणि गुरुत्वाकर्षणामुळे घोट्यांशी साठतो.

ही कारणमीमांसा मान्य केली की उपायाची दिशाही बदलते. शरीरात पाणी साठल्यामुळे आलेली ही सूज नसल्याने मूत्रल औषधाने ती फारशी उतरत नाही. उलट एका औषधाच्या उपद्रवासाठी दुसरे व त्याच्या उपद्रवासाठी तिसरे अशी मालिका सुरू होते. मात्रा कमी करणे, गटातील दुसरे औषध निवडणे किंवा रामिप्रिल वा टेल्मिसार्टन यांसारखे औषध जोडणे हे उपाय अधिक उपयुक्त ठरतात. अँजिओटेन्सिनला अडविणारी औषधे नीलांकडील बाजूही सैल करतात. त्यामुळे केशवाहिनीतील दाब उतरतो. म्हणजे येथे दुसऱ्या वाहिनीविस्फारकाची भर घातल्याने पहिल्याची सूज कमी होते.

हाच विचार मूत्रपिंडालाही लागू पडतो. मूत्रपिंडातील गाळणीला रक्त आणणारी एक व रक्त नेणारी दुसरी अशा दोन रोहिणिका असतात. अँजिओटेन्सिन-२ रक्त नेणाऱ्या रोहिणिकेला अधिक आवळते. त्याला अडविणारी औषधे ही वाट मोकळी करून गाळणीतील दाब उतरवितात. मधुमेहाच्या ज्या रुग्णांच्या लघवीतून प्रथिने जातात, त्यांच्या मूत्रपिंडांना या औषधांनी जे संरक्षण मिळते त्याचे हे एक कारण आहे.

६. दाब किती वेगाने उतरवावा?

मेंदूच्या रोहिणिका दाबातील चढउतारानुसार आपला व्यास बदलून रक्तपुरवठा स्थिर राखतात. निरोगी व्यक्तीत सरासरी दाब सुमारे ६० ते १५० मि.मी. पारा असेपर्यंत ही व्यवस्था टिकते. दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीत ही संपूर्ण मर्यादाच वरच्या बाजूस सरकते. जो दाब निरोगी माणसाला सहज मानवतो तोच अशा रुग्णाच्या मेंदूला एकाएकी अपुरा पडू शकतो.

या सत्याकडे झालेल्या दुर्लक्षाचे उदाहरण म्हणजे निफेडिपिनची शीघ्र कार्य करणारी कॅप्सूल. १९८० च्या दशकात दाब फार वाढलेला दिसला की ही कॅप्सूल फोडून तिचा द्रव जिभेखाली ठेवण्याची पद्धत जगभर पसरली होती. आकडा झपाट्याने खाली येत असे आणि वैद्य व रुग्ण दोघांनाही समाधान वाटत असे. वास्तविक जिभेखालून हे औषध अत्यल्प शोषले जाते, त्याचा परिणाम मुख्यतः गिळलेल्या द्रवामुळे होतो. तो किती होईल यावर कोणाचेही नियंत्रण नसते. या पद्धतीनंतर पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मृत्यू यांच्या नोंदी जमा होत गेल्या. १९९६ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ही पद्धत थांबविण्याची आवश्यकता स्पष्टपणे मांडण्यात आली.

आजच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाब अतिशय वाढूनही कोणत्याही अवयवाला ताजी इजा झालेली नसेल तर तो तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांनी सावकाश उतरवावा. इजा होत असेल तर रुग्णालयात शिरेतून औषध द्यावे. अशा वेळीही, महारोहिणी दुभंगण्यासारखे काही प्रसंग वगळता, पहिल्या तासात दाब २५ टक्क्यांहून अधिक उतरवू नये. अम्लोडिपिनचा परिणाम सहा ते बारा तासांनी शिगेला पोहोचतो आणि ते शरीरात दीर्घकाळ टिकते. त्याच्या सुरक्षिततेत या संथपणाचा मोठा वाटा आहे. दाब संथपणे उतरत असल्याने शरीराचे प्रत्युत्तरही सौम्य राहते.

७. दाबाचा आकडा आणि रक्तवाहिनीचे आरोग्य

दाब उतरविणारे प्रत्येक औषध रुग्णाचे सारखेच हित करते काय? अमेरिकेतील ‘ऑलहॅट’ या मोठ्या चाचणीने या प्रश्नावर प्रकाश टाकला. तीत डॉक्साझोसिन या अल्फा रोधकाची तुलना क्लोरथॅलिडोन या जुन्या व स्वस्त मूत्रल औषधाशी केली होती. डॉक्साझोसिन घेणाऱ्यांत हृदयाची कार्यक्षमता ढासळण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळल्याने २००० मध्ये चाचणीचा तो भाग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दोन्ही गटांच्या वरच्या दाबातील फरक मात्र अवघा दोन-तीन मि.मी. होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उर्वरित भागात ३३,३५७ रुग्णांची माहिती होती. तीत क्लोरथॅलिडोन, अम्लोडिपिन व लिसिनोप्रिल यांच्यात हृद्‌रोहिणीविकाराचा मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका याबाबत फरक आढळला नाही. मात्र हृदयाची कार्यक्षमता ढासळण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोनच्या तुलनेत अम्लोडिपिनच्या गटात अधिक होते. वाहिनी रुंदावणे हे स्वतःच अंतिम हित नव्हे, असा बोध यातून मिळतो.

दुसऱ्या बाजूस, वाहिनीच्या रचनेवर होणारा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. कॅनडातील अर्नेस्टो शिफ्रिन व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात रुग्णांच्या त्वचेखालील ऊतकांतून सूक्ष्म रोहिण्या काढून त्यांची तपासणी केली. अँजिओटेन्सिनला अडविणाऱ्या औषधाने वर्षभर उपचार केलेल्या रुग्णांत भिंतीची जाडी व पोकळी यांचे प्रमाण प्राकृताकडे वळलेले आढळले. अ‍ॅटेनोलॉल या बीटा रोधकाने दाब तितकाच उतरूनही रचनेत सुधारणा दिसली नाही. दीर्घकाळ सैलावलेली राहिलेली वाहिनी हळूहळू मूळ रूपाकडे जाऊ शकते, असा याचा अर्थ लावता येतो. हा बदल महिन्यांच्या व वर्षांच्या हिशोबाने घडतो. औषध अधूनमधून घेतल्याने तो साधत नाही.

८. व्यवहारातील दक्षता

वरील विवेचनावरून वाहिनीविस्फारक औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी पुढील बाबी ध्यानात घेणे हितावह ठरेल.

१) पाय सुजणे, धडधड, डोके दुखणे, कोरडा खोकला असे त्रास झाल्यास औषध परस्पर बंद न करता वैद्याला सांगावे. बहुतेक त्रासांवर मात्रा वा औषध बदलून मार्ग काढता येतो.

२) अल्फा रोधकाची पहिली मात्रा रात्री झोपताना घ्यावी. पहिल्या मात्रेनंतर उभे राहताना घेरी येऊ शकते. वृद्धांनी अंथरुणातून सावकाश उठावे.

३) नायट्रेट गटातील औषध घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिल वा टाडालाफिल घेऊ नये. दोन्हींचा मार्ग एकच असल्याने दाब धोकादायक पातळीपर्यंत घसरतो.

४) अँजिओटेन्सिनला अडविणारी औषधे गर्भारपणात वर्ज्य आहेत, कारण त्यांनी गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा पोहोचते. गर्भारपणात लाबेटालोल, मिथाइलडोपा, दीर्घकाळ कार्य करणारे निफेडिपिन अशी औषधे वापरतात.

५) आहारातील मीठ कमी करावे. वाहिनी रुंदावली की शरीर मीठ धरून ठेवू पाहते. लोणचे, पापड, फरसाण यांवाटे मीठ येतच राहिले तर औषधाचा प्रभाव घटतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या उपक्रमात सोपा ठरावीक उपचारक्रम अवलंबून प्राथमिक आरोग्य केंद्रांतून औषधे दिली जातात आणि अनेक राज्यांच्या उपचारक्रमात पहिले औषध अम्लोडिपिन हेच आहे. म्हणजे खेड्यापाड्यांतील असंख्य रुग्णांची पहिली गोळी वाहिनीविस्फारक असते. घोट्यावरील सूज कशाने येते, हे गोळी देताना दोन वाक्यांत सांगितले गेले तर अनेकांचा उपचार मध्येच खंडित होणार नाही.

समारोप

वाहिनीविस्फारक औषधांचा इतिहास काचनळीतील प्रवाहाच्या नियमापासून सर्पविषापर्यंत आणि सर्पगंधेपासून नायट्रिक ऑक्साइडपर्यंत पसरलेला आहे. या सर्व औषधांचे उद्दिष्ट रोहिणिकांतील विरोध कमी करणे हे असले तरी त्यांचे परिणाम भिन्न असतात. केवळ रोहिणिका रुंदावणारे औषध केशवाहिनीतील दाब वाढविते. एकाएकी दाब उतरविणारे औषध मेंदूचा रक्तपुरवठा तोडू शकते. शरीराच्या प्रत्युत्तराचा विचार न करता दिलेले औषध काही आठवड्यांतच निष्प्रभ होऊ शकते. याउलट संथपणे कार्य करणारी, एकमेकांच्या उणिवा भरून काढणारी औषधे सातत्याने घेतली तर दाब आटोक्यात राहतो व वाहिनीची बिघडलेली रचनाही सुधारू शकते. ही सुधारणा रुग्णाला जाणवत नाही, जसा मूळ विकारही जाणवत नव्हता. म्हणूनच औषधाचे कार्य रुग्णाला समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.